स्टिरिओ कंपनीचाच, आवाज मात्र नवा

नवी मोटार घरी आली की पहिले काही दिवस तिच्या आवाजाबद्दल कोणी तक्रार करीत नाही. आसने नवी, वास नवा, डॅशबोर्डवर बोटाने चालणारा पडदा. त्या भरात गाणेही गोडच लागते. तक्रार सुरू होते ती पहिल्या लांबच्या प्रवासात. द्रुतगती मार्गावर गाडीने वेग घेतला, टायरची घरघर वाढली, की आवाज वाढवावा लागतो. आणि वाढवला की तो भरदार होण्याऐवजी कर्कश होतो. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, तबल्याची नुसती टिकटिक उरते. गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी गुडघ्याजवळून येतो. मग गाडीचा मालक ॲक्सेसरीजच्या दुकानाची वाट धरतो आणि तेथे त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : कंपनीचा स्टिरिओ काढा, मोठा अँड्रॉइड पडदा बसवा.

वीस वर्षांपूर्वी हा सल्ला रास्त होता. आजच्या बहुतेक गाड्यांसाठी तो अनावश्यक आहे आणि काहींसाठी धोक्याचा. कारण आवाज बिघडण्याचे मूळ डॅशबोर्डमध्ये क्वचितच असते. ते बहुतेक वेळा दरवाजात असते.

खोबणीचा काळ

मारुती ८०० च्या जमान्यात साध्या श्रेणीची गाडी स्टिरिओविनाच मिळे. गाडी ताब्यात घेतल्यावर मुंबईकर ऑपेरा हाऊसकडे, तर पुणेकर नाना पेठेकडे वळे आणि आपल्या ऐपतीप्रमाणे पायोनिअर, केनवुड किंवा सोनीचा संच बसवून घेई. डॅशबोर्डमधील खोबण ठरलेल्या मापाची असे : १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हे माप मूळ जर्मन मानकाचे. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. दुप्पट उंचीच्या खोबणीला दुकानदार आजही ‘डबल डिन’ म्हणतात, त्यातील ‘डिन’ हे त्या जर्मन मानकसंस्थेचेच नाव. माप एकच असल्याने कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही गाडीत बसे. चोरीच्या भीतीने संचाचा दर्शनी भाग काढून खिशात घालून फिरणारे लोक त्या काळी सर्रास दिसत.

आता ती खोबणच उरलेली नाही. पडदा डॅशबोर्डच्या आकारात मुरलेला असतो, किंवा त्यावर पाटीसारखा उभा असतो. मागच्या कॅमेऱ्याचे दृश्य, पार्किंग सेन्सरची सूचना, वातानुकूलनाची नोंद, दरवाजांच्या कुलुपांची मांडणी, काही गाड्यांत तर चारही बाजूंच्या कॅमेऱ्यांचे एकत्रित चित्र, हे सारे याच पडद्यावर येते. स्टिअरिंगवरील बटणेही त्याच्याशीच बोलतात. हे बोलणे ज्या तारांवरून चालते त्या पद्धतीला ‘कॅन बस’ म्हणतात. बॉश या जर्मन कंपनीने ती १९८६ मध्ये जाहीर केली आणि आज जवळपास प्रत्येक मोटारीतील निरनिराळे संगणक तिच्यावरून एकमेकांना निरोप देतात. त्या साखळीतील एक कडी उपटून तेथे परकी कडी बसवली की कधी कॅमेरा बंद पडतो, कधी स्टिअरिंगवरील बटणे निकामी होतात, कधी इशाऱ्याचा दिवा पेटून राहतो. कनेक्टर जोडून देणारे अडॅप्टर बाजारात मिळतात, पण सगळी कामे ते सांभाळतीलच असे नाही.

शिवाय बदलून मिळते काय? अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले मूळ संचात असेल तर नकाशा आणि गाणी दोन्ही आधीच उपलब्ध आहेत. दुकानातील स्वस्त पडद्याचा प्रोसेसर आणि ध्वनीचा भाग हे बहुतेक वेळा गाडीच्या मूळ संचापेक्षा हलके असतात, ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही. पडदा मोठा म्हणजे आवाज मोठा, असा काही नियम नाही.

‘पन्नास गुणिले चार’चे गणित

खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते आणि ग्राहक २०० वॅट समजून चालतो. प्रत्यक्षात स्टिरिओच्या आत बसवलेला छोटा ॲम्प्लिफायर गाडीच्या १२ व्होल्टच्या वीजपुरवठ्यावरच चालतो. इंजिन चालू असताना हा पुरवठा १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला सलग आणि स्वच्छ अशी जास्तीत जास्त सुमारे २६ वॅट शक्ती मिळू शकते, तीही कागदावर. नेहमीची घट धरता हाती १५ ते २० वॅट पडतात. उरलेले आकडे क्षणिक उसळीचे. खरेदी करताना पाहायचा तो ‘आरएमएस’ या अक्षरांपुढचा आकडा. ‘मॅक्स’ आणि ‘पीक’ हे शब्द दिसले की ते सोडून पुढे जावे.

कंपनीचा संच आणि दुकानातील संच दोघेही याच मर्यादेत बांधलेले असल्याने एक काढून दुसरा बसवल्यावर शक्तीत फारसा फरक पडत नाही. आणि १५ वॅट ही काही कमी शक्ती नव्हे. बंद मोटारीत चांगल्या स्पीकरवर एवढ्यात बोलणे ऐकू येणार नाही इतका आवाज होतो. मग तो कर्कश का वाटतो? याची कारणे दोन. एक तर कारखान्यातून येणारे स्पीकर अत्यंत हलके असतात. पातळ कागदी पडदा, छोटा चुंबक, प्लॅस्टिकची चौकट. गाडीचे वजन आणि किंमत यांचा ग्रॅम-रुपयांत हिशेब करणाऱ्या कारखान्याकडून दुसरे काही अपेक्षितही नाही. अनेक गाड्यांच्या खालच्या श्रेणीत तर ट्वीटर नसतातच. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे हे स्पीकर ज्यात बसवलेले असतात तो दरवाजा.

दरवाजा हीच पेटी

घरातील स्पीकर लाकडी पेटीत का बसवतात, हे लक्षात घेतले तर पुढचे सगळे समजते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. हे दोन परस्परविरुद्ध तरंग एकमेकांत मिसळले की एकमेकांना पुसून टाकतात, आणि हे पुसले जाणे खालच्या, म्हणजे खर्जाच्या स्वरांत सर्वाधिक होते. पेटी या दोघांना वेगळे ठेवते.

गाडीत पेटीचे काम दरवाजाने करायचे असते. पण डोअर पॅड उघडून पाहिले तर आतल्या पत्र्याला हाताचा पंजा सहज जाईल एवढी मोठी भोके असतात. काच वर-खाली करणारी यंत्रणा बसवण्यासाठी ती ठेवलेली असतात आणि त्यांवर पाणी आत येऊ नये म्हणून फक्त पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. बाहेरचा पत्रा बोटाने वाजवला तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो. अशा भोके पडलेल्या, थरथरणाऱ्या डब्यात कितीही महागडा स्पीकर बसवला तरी त्याचा खर्ज निम्मा वाया जातो.

यावरचा उपाय म्हणजे डॅम्पिंग. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि त्याखाली ब्युटाइल रबराचा चिकट थर असलेल्या चादरी बाजारात मिळतात. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला त्या चिकटवल्या की त्याची थरथर थांबते. तेथे संपूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते, मधला मोठा सपाट भाग झाकला तरी पुरते. आतल्या पत्र्यावरची भोके मात्र पूर्ण बुजवावी लागतात. त्यासाठी नुसती चादर ताणून लावण्याऐवजी आधी ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा कडक तुकडा लावून त्यावर चादर बसवणे चांगले, अन्यथा ती चादरच पडद्यासारखी हलते. कंपनीचेच स्पीकर तसेच ठेवून फक्त पुढच्या दोन दरवाजांना एवढे केले, तरी ‘स्पीकर बदलले का’ असे शेजारचा विचारतो. दरवाजा बंद होतानाचा ‘धप्प’ असा भारदस्त आवाज आणि रस्त्याचा थोडा कमी गोंगाट, हे वरचे नफ्यात.

डांबराच्या स्वस्त चादरींपासून मात्र दूर राहिलेले बरे. उन्हात उभ्या गाडीत त्या मऊ पडतात, वास सोडतात आणि कालांतराने गळून काचेच्या यंत्रणेत अडकतात. विदर्भातील उन्हाळ्यात तर हे हमखास.

आणखी एक गोष्ट पश्चिम महाराष्ट्र, मुंबई आणि कोकणातील मालकांनी कामगाराच्या पाठीशी उभे राहून पाहावी. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून दरवाजाच्या तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. उत्साही फिटर तळापर्यंत चादर चिकटवतो, भोके बुजतात आणि पहिल्याच पावसाळ्यात दरवाजात तळे साचते. त्यातून गंज येतो, पॉवर विंडोची मोटार जाते आणि नवा स्पीकरही भिजतो. स्पीकरखाली बसवायची कडी एमडीएफची असेल तर ओलाव्याने तीही फुगते. ती प्लॅस्टिकची असावी. लाकडाचीच असेल तर सर्व बाजूंनी रंग किंवा वॉर्निश लावून बंद केलेली असावी.

मग स्पीकर, आणि तेही पुढचेच

दरवाजा नीट झाल्यावर स्पीकरची पाळी. बहुतेक भारतीय गाड्यांत पुढच्या दरवाजात साडेसहा इंची स्पीकर बसतो. तो निवडताना वॅटपेक्षा ‘सेन्सिटिव्हिटी’चा आकडा अधिक महत्त्वाचा. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, ते हा आकडा सांगतो. यात ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी लागणाऱ्या शक्तीत दुपटीचा फरक. म्हणजे ९१ डेसिबलचा स्पीकर कंपनीच्या १५ वॅटवर जे करील, ते करायला ८८ डेसिबलच्या स्पीकरला ३० वॅट लागतील. स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचा आणि ॲम्प्लिफायर लावायचा नसेल, तर ‘३०० वॅट’ लिहिलेला जड स्पीकर घेणे म्हणजे सायकलला ट्रॅक्टरची चाके लावणे. तो अधिक नव्हे, कमी वाजतो.

ओहमचा आकडा मूळ स्पीकरइतकाच असावा. सामान्यतः तो ४ असतो. मूळचा ४ असताना २ ओहमचा स्पीकर कंपनीच्या संचाला जोडला तर आतला ॲम्प्लिफायर तापून बंद पडू शकतो. स्पीकरची खोलीही मोजून घ्यावी. काच पूर्ण खाली आली की मागच्या चुंबकावर आपटते, हा अनुभव घेतलेले मालक कमी नाहीत.

ट्वीटर वेगळा असलेला ‘कंपोनंट’ संच आणि ट्वीटर मधोमध बसवलेला ‘कोअक्सिअल’ यांत पुढच्या दरवाजासाठी कंपोनंट केव्हाही सरस. उंच स्वर हे दिशेला धरून चालतात. ट्वीटर कानाच्या पातळीजवळ आला की गायक गुडघ्यावरून उठून डॅशबोर्डवर येतो. मागच्या स्पीकरवर खर्च करण्याची घाई नको. आपण मैफलीला बसतो ते गायकाकडे तोंड करून, पाठ करून नव्हे. मागे नेहमी माणसे बसत असतील तर त्यांच्यासाठी कोअक्सिअल पुरतात, नाही तर मूळचे राहू द्यावेत.

ॲम्प्लिफायर कोठून जोडायचा

पुष्कळांचे समाधान इथवरच होते, आणि तसे झाले तर पुढे खर्च करण्यात अर्थ नाही. ज्यांना द्रुतगती मार्गावरही तबल्याची थाप छातीवर हवी आहे, त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. अडचण अशी की कंपनीच्या स्टिरिओला ॲम्प्लिफायरसाठीचे वेगळे ‘प्री-आउट’ बहुधा नसते. असतात त्या फक्त स्पीकरकडे जाणाऱ्या तारा.

त्यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला ॲम्प्लिफायर घेणे. तो स्पीकरच्याच तारांतून संकेत घेतो. दुसरा म्हणजे मध्ये ‘लाइन आउट कन्व्हर्टर’ नावाची डबी लावणे. ती स्पीकरचा जोरदार संकेत ॲम्प्लिफायरला झेपेल इतका हलका करून देते. आज अनेक ॲम्प्लिफायरमध्ये पहिली सोय आतच असल्याने ही डबी कमी लागते. अनेक ॲम्प्लिफायर स्पीकरच्या तारेत वीज आल्याचे ओळखून आपोआप सुरू होतात. ही सोय आपल्या स्टिरिओशी जुळते की नाही ते आधी तपासावे. नाही जुळली तर गाडी बंद केल्यावरही ॲम्प्लिफायर चालू राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. काही संच आपल्याला स्पीकर जोडलेला आहे ना, याची चाचणी घेत असतात. नुसता ॲम्प्लिफायर जोडला की त्यांना ‘स्पीकर गायब’ वाटतो आणि ते गप्प बसतात. अशा वेळी स्पीकरचे सोंग घेणारा रेझिस्टर जोडावा लागतो.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. कारखान्याला ठाऊक असते की आपले स्पीकर कमजोर आहेत. म्हणून अनेक संचांत आवाज वाढेल तसा खर्ज आपोआप कमी करण्याची सोय आतच घातलेली असते, जेणेकरून पडदा फाटू नये. काही स्वर मुद्दाम उचललेले, काही दाबलेले असतात. हा आधीच वळवलेला संकेत मोठ्या ॲम्प्लिफायरला दिला तर वळणही मोठे होते. आवाज वाढवावा तसा वूफर मंदावत जातो आणि मालक बिचारा वूफर बदलत राहतो.

याचे उत्तर म्हणजे डीएसपी, अर्थात ध्वनीवर आकड्यांच्या रूपाने संस्कार करणारा प्रोसेसर. तो आता ॲम्प्लिफायरच्या आतही मिळतो. कारखान्याने दिलेले वळण तो बरेचसे सरळ करतो. आवाजाच्या पातळीनुसार बदलणारी कपात मात्र त्यालाही पूर्ण भरून काढता येत नाही. त्याचे दुसरे काम अधिक सुंदर आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या जवळ, डावा दूर. दोघांच्या अंतरात अर्ध्या मीटरचा फरक असला तर डावीकडचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, कारण हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. एवढा उशीर कानाला आकडा म्हणून कळत नाही, पण मेंदू सगळे गाणे उजवीकडे ओढतो. डीएसपी उजव्या स्पीकरला तेवढाच वेळ थांबवतो आणि गायक मधोमध उभा राहतो. एकदा हे ऐकलेल्या माणसाला पुन्हा जुना आवाज ऐकवत नाही, हा त्यातला तोटा.

वूफरच्या बाबतीत हौस आणि जागा यांचा मेळ घालावा लागतो. डिकीतील दहा-बारा इंची पेटी घुमते खरी, पण सीएनजी गाडीत ती जागा सिलिंडरने आधीच घेतलेली असते. आसनाखाली बसणारा, ॲम्प्लिफायर पोटात घेऊन येणारा आठ इंची चपटा वूफर शहरातील कुटुंबाला पुष्कळ. दरवाजातील स्पीकरना सुमारे ८० हर्ट्झच्या वरचे आणि वूफरला त्याखालचे स्वर वाटून दिले की दोघांचेही ओझे हलके होते.

बोस, हरमन, जेबीएल किंवा सोनीच्या नावाने येणारी कारखान्याची संगीतप्रणाली असलेल्या गाड्यांचा प्रकार निराळा. यांतील अनेकांत ॲम्प्लिफायर कारखान्यातूनच वेगळा बसवलेला असतो, स्पीकरचे ओहम नेहमीचे नसतात आणि काहींत संगीत ॲम्प्लिफायरपर्यंत आकड्यांच्या रूपातच जाते. तेथे दरवाजाचे डॅम्पिंग करून थांबणे शहाणपणाचे.

पिवळा कपलर आणि फ्यूज

आवाज बिघडला तर दुरुस्त होतो. पुढच्या दोन गोष्टी बिघडल्या तर होत नाहीत.

पहिली एअरबॅगची. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातील आपल्या सर्व गाड्यांत सहा एअरबॅग दिल्या आणि इतरांच्याही अनेक परवडणाऱ्या गाड्यांत त्या आता येतात. यातील पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग काचेच्या पुढील खांबापासून छताच्या कडेने मागे गेलेली असते. नेमक्या याच खांबावर ट्वीटर बसवायला फिटरचा हात जातो. तेथे ड्रिल करणे, एअरबॅगवरून तार नेणे किंवा खांबाच्या आवरणाची मूळ क्लिप तोडून साधा स्क्रू मारणे, यांपैकी काहीही केले तर अपघाताच्या वेळी ती एअरबॅग अडू शकते किंवा तोच ट्वीटर उडून चेहऱ्यावर येऊ शकतो. ट्वीटर कारखान्याने ठेवलेल्या जागी किंवा आरशामागच्या त्रिकोणी तुकड्यात बसवावा. आसनाखाली वूफर ठेवतानाही तेथील पिवळ्या रंगाचे कपलर हलवू नयेत. पिवळा रंग हा एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा. इग्निशन चालू असताना तो कपलर काढला तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो घालवण्यासाठी सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागते.

दुसरी गोष्ट आगीची. ॲम्प्लिफायरची जाड तार थेट बॅटरीपासून येते. ती कोठे घासली आणि पत्र्याला टेकली तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका बिंदूतून वाहते. म्हणून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. ॲम्प्लिफायरवर असलेला फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो, मधल्या तारेला नाही. इंजिनकक्षातून आत येताना तार रबरी बुशातूनच आली पाहिजे. सलग ३०० वॅट देणारा ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात असता २७-२८ अँपिअर प्रवाह ओढतो, एवढे लक्षात घेऊन तार निवडावी. वरून तांबे आणि आत ॲल्युमिनियम असलेली तार दिसायला जाड आणि किमतीला स्वस्त असते, पण तेवढ्याच जाडीत प्रवाह कमी वाहते. शुद्ध तांब्याची तार मागावी आणि टोक खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर परत करावी.

ॲम्प्लिफायरचे अर्थिंग गाडीच्या सांगाड्याच्या धातूला, रंग खरवडून, जवळच करावे. ते नीट नसेल तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी स्पीकरमधून येऊ लागते. अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तेथे अर्थिंग थेट त्या टोकाला जोडल्यास हा सेन्सर चुकतो आणि बॅटरीच्या चार्जिंगचा हिशेब बिघडतो. विद्युत मोटारीतही संगीताला वीज मिळते ती १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीतूनच. त्यातील नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या वाटेला कोणत्याही कारणाने जाऊ नये.

वॉरंटी, विमा आणि सोसायटी

मूळ वायरिंगची एकही तार न कापता हे सारे करता येते. गाडीच्या कपलरशी जुळणारे तयार हार्नेस मिळतात. एक टोक स्टिरिओत, दुसरे मूळ कपलरमध्ये, मधून ॲम्प्लिफायरला फाटा. दुकानदार ‘कशाला उगाच खर्च, आपण जॉइंट मारून देऊ’ म्हणतो तेव्हा नकार द्यावा. वाहन कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत बाहेरच्या जोडकामामुळे झालेला विजेचा बिघाड वगळलेला असतो. कापलेली तार आणि काळी टेप दिसली की पुढचा वाद मालक हरल्यातच जमा. संगीताशी संबंध नसलेला बिघाडही मग त्याच टेपच्या माथी मारला जातो.

विम्यातही या सामानाची वेगळी नोंद हवी. गाडीच्या किमतीत न धरलेले विजेचे सामान जाहीर करून त्यावर जादा हप्ता भरायचा असतो. मोटार विम्याच्या दरपत्रकात तो सामानाच्या किमतीच्या ४ टक्के ठरवलेला होता. नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातानंतर त्याची भरपाई मिळत नाही. पावती जपून ठेवावी, हे ओघाने आलेच.

काम झाल्यावर आवाज जुळवण्याची घाई करू नये. स्टिरिओवरील बास, ट्रेबल आणि ‘सराउंड’सारख्या गोष्टी शून्यावर आणाव्यात, वेगाबरोबर आवाज वाढवणारी सोय बंद करावी आणि मग ॲम्प्लिफायरचा ‘गेन’ लावून घ्यावा. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. तो जास्त ठेवला की संकेताचे माथे कापले जाते आणि स्पीकर जळतात. चांगला फिटर तो कानाने नव्हे, मल्टिमीटरने लावतो : ४ ओहमवर ७५ वॅट हवे असतील तर सुमारे १७.३ व्होल्ट. परीक्षेसाठी ब्लूटूथऐवजी यूएसबीवरून, ओळखीचे गाणे लावावे. एफएमवर ध्वनी १५ हजार हर्ट्झपर्यंतच येत असल्याने विविध भारतीवरून ट्वीटरची पारख होत नाही. तानपुरा, तबला आणि एकच कंठ असलेले जुने ध्वनिमुद्रण या कामी दणदणीत रिमिक्सपेक्षा उपयोगी; तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू येतात की नाही, हे लगेच कळते. पार्किंग सेन्सरची टिटी, सीटबेल्टचा इशारा आणि इंडिकेटरची टिकटिक पूर्वीसारखीच ऐकू येते ना, तेही तेथेच पाहावे. अनेक गाड्यांत हे आवाज पुढच्या स्पीकरमधूनच येतात आणि ॲम्प्लिफायरनंतर ते एकतर बहिरे करतात किंवा गायब होतात.

निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ध्वनिप्रदूषणाचे हे नियम २००० सालचे. डिकीतला वूफर सोसायटीच्या दारात ती सहज ओलांडतो. कानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, असा आहे.

काढलेले मूळ स्पीकर, क्लिपा आणि स्क्रू एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकताना जुन्या बाजारात नव्या स्पीकरचे मोल फारसे कोणी देत नाही. तार न कापलेली असली तर दोन तासांत मूळचा संच परत चढतो आणि नवे स्पीकर पुढच्या गाडीत जातात.